मॅडमची बुरशी

सभागृह हसलं आणि त्या हसण्यात धाकटीही हसली. हसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की विनोद तिच्या बाबांचा आहे. वर, दिव्यांच्या उजेडात, थोरली एका हाताने माइकचा दांडा धरून उभी होती आणि सांगत होती, "हॉस्पिटलच्या खाटेवरून वडिलांनी मला विचारलं, तू दिवसभर करतेस तरी काय? मी म्हटलं, बुरशी पाळते. बुरशीला तोंड नसतं, पोट नसतं. ती आपला पाचकरस बाहेर सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. तर वडील म्हणाले, म्हणजे आधी पचवून मग खायचं. इथल्या स्वयंपाकघरात तीच ठेवलेली दिसते." शेजारचा लेखा विभागातला माणूस अजून खांदे हलवत होता. धाकटीच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, काढून ठेवायला जागा न सापडल्यासारखं. थोरलीचे वडील धडधाकट होते. आपल्या मुलाकडे राहत होते, सकाळी फिरायला जात होते, हॉस्पिटलची पायरीही कधी चढले नव्हते. खाटेवर होते ते धाकटीचे बाबा. आयुष्यभर शिलाई मशीनवर वाकलेले, आणि शेवटच्या दिवसांतही हॉस्पिटलची चादर दोन बोटांत चोळून "लव फार आहे गं हिला" म्हणणारे. मागच्या पडद्यावर त्या बुरशीचा मोठा केलेला फोटो होता: हिरवट पांढरी, कडेला मखमलीसारखी. आणि खाली थोरलीचं नाव. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा धाकटीने हात उचलले, एकदा एकमेकांवर आपटले आणि खाली ठेवले.

दोघी बहिणी नव्हत्या, लांबच्या नात्यातल्याही नव्हत्या. एकाच दिवशी कंपनीत लागल्या, एकाच बाकावर बसल्या, एकाच रंगाची पर्स घेऊन आल्या म्हणून भांडारातल्या कुणीतरी थट्टेत थोरली-धाकटी म्हणायला सुरुवात केली. थोरली काही महिन्यांनी मोठी आणि वीतभर उंच, एवढंच. नावं चिकटली. पुढे तर धाकटीची आईसुद्धा "थोरली आली नाही का आज?" असं विचारायला लागली. कंपनी कापडासाठी एन्झाइम बनवायची. नव्या सुती कापडावर जी बारीक लव असते ती खाऊन टाकणारं, कापड गुळगुळीत करणारं. ते एन्झाइम ही बुरशी तयार करायची. फक्त तिची एक खोड होती. साखर दिसली की ती आळशी व्हायची, आयतं मिळतंय तर रस कशाला सोडा, असं म्हणून काम बंद. ही खोड मोडायचं काम दोघींना मिळालं होतं आणि पहिल्या वर्षी दोघींनी मिळून सुरूही केलं. मग थोरलीला वर बोलावणी यायला लागली. ती बोलायला चांगली होती, साहेबांना तिचं म्हणणं पटकन समजायचं. बाकावर एकटी धाकटी राहिली.

ते काम असं होतं की त्याबद्दल घरी काही सांगता येत नसे. बुरशीच्या धाग्यांच्या भिंती आधी विरघळवायच्या. भिंत गेली की उरतो नुसता गोळा, साबणाच्या फुग्याहून नाजूक, पिपेट जरा जोरात दाबलं तरी फुटणारा. त्याच उघड्यावाघड्या अवस्थेत त्याच्या आत रेणूंची एक कात्री पाठवायची, जनुकांच्या लांबलचक ओळीत नेमकी जागा हुडकून काप देणारी. मग गोड जेलीवर त्याला पुन्हा भिंत चढेपर्यंत वाट बघायची. बहुतेक मरायचे. जगायचे त्यांच्यातही घोळ, कारण बुरशीच्या एकेका धाग्यात असंख्य केंद्रकं, एकात काप बसलेला, शेजारच्यात नाही, आणि वरून सगळं एकजीव दिसणार. म्हणून एकच बीजाणू वेगळा काढायचा, वाढवायचा, त्याचा पुन्हा एक वेगळा काढायचा. धाकटीने आळसाचं जनुक कापलं. मग तिला सुचलं की एन्झाइम बाहेर पडतं ते धाग्याच्या टोकातून. टोकं वाढवली तर? तिने भिंतीचं एक जनुक बदललं आणि बुरशीला झुडपासारख्या फांद्या फुटल्या. हा नवा वाण, ही तिची स्ट्रेन. ज्या दिवशी फ्लास्कमधल्या पाण्याने कापडाचा तुकडा आरशासारखा गुळगुळीत केला, त्या दिवशी ती जिन्याने धावत वर गेली होती. थोरलीने तिला कडकडून मिठी मारली होती आणि म्हणाली होती, "आता बघ, आपण दोघी कुठल्या कुठे जातो." थोरली गेली. शोधनिबंधावर तिचं नाव आधी लागलं, मग एकटीचं लागलं, धाकटी 'आणि सहकारी' या शब्दांत मावली. "अगं, नावात काय आहे, आपल्या दोघींचंच आहे ना ते," थोरली म्हणाली, आणि धाकटी म्हणाली, हो. खरं म्हणजे तेव्हा वाईटही वाटलं नव्हतं. किंवा वाटलं होतं, पण ते थंड खोलीत ठेवलेल्या बीजाणूंसारखं, निपचित. सभागृहातून बाहेर पडताना तिला कळलं की त्याला आता ऊब लागली आहे.

स्ट्रेन घेतलीस, घे. पण बाबा? बसच्या खिडकीला डोकं टेकून ती तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती, मनातल्या मनात, दात दाबून. बाबांचं ते हसणं तिला स्वच्छ दिसत होतं. नाकातल्या नळीमुळे हसू एका गालावर यायचं. खाटेच्या पायथ्याशी ती स्वतः उभी होती, हातात मोसंबी होती, खिडकीत ऊन होतं. ते हसणं तिच्याकडे उरलेली एकमेव वस्तू होती. मशीन दादाने नेलं, कात्री आईने कुणाला तरी देऊन टाकली. आणि ही बया तेच उचलून चारशे लोकांत वाटून मोकळी झाली. धाकटीला कुणाशी भांडता यायचं नाही. लहानपणी दादाने खोडी काढली तर ती गप्प बसायची आणि संध्याकाळी त्याच्या वहीतलं शाईचं चित्र पाण्याने हळूच पुसायची, एवढंच की त्याला वाटावं आपलाच हात लागला. आई म्हणायची, हिच्या पोटात काय असतं ते हिलाच ठाऊक. आता बसच्या हादऱ्यांबरोबर तिच्या पोटात काहीतरी सुटं झालं आणि वर आलं, आणि ते काय आहे हे ओळखून तिला एकदम शांत वाटलं. मागच्या उन्हाळ्यातले ते फ्लास्क.

सुटीच्या दिवशी खोलीचं गारवायंत्र बंद पडलं होतं. दुसऱ्या दिवशी ती आली तर हलत्या टेबलावरचे सगळे फ्लास्क चहासारखे पातळ आणि तपकिरी झालेले, ओल्या पुठ्ठ्याचा वास मारणारे. आधी तिला वाटलं, बाहेरचं काही शिरलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर फांद्यांची टोकं फुटलेली होती, ओळीने, एकूण एक. भिंतीचं जनुक बदलल्याने टोकं वाढली खरी, पण ती पातळही झाली होती. जराशी उष्णता वाढली, अगदी माणसाला कणकण येते एवढी, की फटाफट फुटायची. तिने मुद्दाम पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. ती सांगायला वर गेली होती. थोरली फोनवर होती. काचेपलीकडून तिने हात हलवला, नंतर ये, तसा, मानही न वळवता, माशी हाकलावी तसा. धाकटी परत आली. नंतर सांगू म्हणाली, आणि मग हिवाळा आला, आणि छोट्या टाक्यांत सगळं सुरळीत चाललं, आणि सांगायचं राहून गेलं. राहून गेलं होतं, एवढंच. पण आता नवी टाकी उभी राहिली होती, तीन मजल्यांएवढी, आणि एवढ्या मोठ्या टाकीत बुरशी स्वतःच्या अंगच्या उष्णतेनेच तापते, तिला सतत गार पाण्याच्या नळ्यांनी निववावं लागतं. आणि उन्हाळा तोंडावर होता. उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट येतं. जुनी बुरशी असती तर तेवढा ताप तिने हसत सोसला असता. धाकटीला काही करायचंच नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते तिला जन्मापासून येत होतं.

त्या आठवड्यात ती विलक्षण नीट राहिली. केस नीट विंचरले, आईसाठी चष्म्याची नवी दोरी आणली, दादाच्या मुलीला फोनवर गणित समजावलं. आतून मात्र ती एखाद्या मुलीने सहलीचे दिवस मोजावेत तशी त्या टाकीचं काम पुढे सरकताना पाहत होती. तिला थोरलीचा चेहरा बघायचा होता. टाकी बघायला आलेले पाहुणे उभे असताना, साहेब उभे असताना, नमुन्याच्या नळातून तो तपकिरी चहा बाहेर येताना तिचा चेहरा. हा प्रसंग तिने भांडी घासताना, दात घासताना, बसमध्ये इतक्यांदा पाहिला की त्याच्या कडा झिजल्या आणि तिला दर वेळी त्यात थोडी भर घालावी लागली. एकदा तिने थोरलीला रडवलं. एकदा माफी मागायला लावली. माफी मागताना थोरली खरोखर कशी बोलेल हे मात्र तिला काही केल्या ऐकू येईना.

एका संध्याकाळी जेवताना आईने विचारलं, "थोरलीचा काय तो सत्कार झाला म्हणे. तू सांगितलं नाहीस."

"सांगण्यासारखं काही नव्हतं," धाकटी म्हणाली. मग तिच्याने राहवलं नाही. "भाषणात तिने बाबांचा विनोद सांगितला. हॉस्पिटलच्या जेवणाचा. स्वतःच्या वडिलांचा म्हणून सांगितला."

आई हसली. घास हातात तसाच धरून हसली. "आधी पचवून मग खायचं, तो ना? किती हसले होते ते. नर्स धावत आली, म्हटलं नळी निघाली की काय. ती पोरगी पण अशी, मस्करीला मस्करी."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, तीच सांगत होती ना त्यांना बुरशीचं. ते म्हणाले, आमची लेक दिवसभर तिथे काय करते ते तरी सांग, आम्हाला तर तिचं तोंड दिसत नाही. मग हिने सांगितलं."

"मी होते तिथे आई. मोसंबी घेऊन उभी होते."

आईने तिच्याकडे पाहिलं, चष्म्यावरून, दया आल्यासारखं. "तू कुठे होतीस गं. तुझं ते काय ते, भिंती विरघळवायचं चाललं होतं, जागचं हलता येत नाही म्हणालीस. त्या सबंध आठवड्यात तीच यायची संध्याकाळी. मोसंबी तिनेच आणलेली. मी तुला फोनवर सांगितलं होतं सगळं. बाबा म्हणायची ती त्यांना, आठवतं ना?"

धाकटीने ताटातलं संपवलं, भांडी घासली, ओटा पुसला. मग अंथरुणावर पडून ती त्या खोलीत पुन्हा गेली. खिडकीतलं ऊन होतं, एका गालावरचं हसू होतं, पण खाटेच्या पायथ्याशी आता जागा रिकामी दिसत होती, आणि जितकं नीट पाहावं तितकी तिथे एक उंच आकृती उभी राहत होती, तिच्याहून वीतभर उंच. तेव्हा ती खरोखर कुठे होती तेही हळूहळू परत आलं. लॅबमधल्या उंच स्टुलावर, डोळा भिंगाला लावून, फुग्यांची गर्दी बघत. आईचा फोन स्पीकरवर बाजूला ठेवलेला, आणि तिने "हं, हं" म्हटलेलं. आता राग उतरायला हवा होता. हे तिला समजत होतं, एखाद्या गणिताचं उत्तर समजावं तसं. पण राग उतरला नाही. उलट आतापर्यंत त्याला एक कारण होतं, आता ते काढून घेतलं तरी तो उभाच राहिला, आणि त्याला जास्त जागा मिळाली. स्ट्रेन माझी होती ती तू घेतलीस, आणि बाबांचं हसणं तर माझं कधी नव्हतंच. तेही तुलाच मिळालं. चोरलं असतंस तर परत मागता तरी आलं असतं. पहाटे तिला झोप लागली आणि उठल्यावर तिला वाटलं, आपण आता तिला सोडणार नाही.

टाकी भरायच्या आदल्या दुपारी थोरली स्वतः खाली आली. कितीतरी दिवसांनी ती त्या जुन्या बाकाजवळ उभी राहिली, पिपेटच्या डब्यावरून बोट फिरवलं. "इथे बसून आपण किती चकाट्या पिटायचो गं," ती म्हणाली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "खरं सांगू, मला धडकी भरलीये. एवढी मोठी टाकी, हे सगळे पाहुणे येणार. तू नीट बघितलंस ना सगळं? काही राहिलं असेल तर आत्ता सांग. मी तारीख पुढे ढकलते, मला शिव्या बसल्या तरी चालतील."

तिच्या ओढणीचं टोक बाकावरच्या थेंबात भिजत होतं. धाकटीला ते उचलून बाजूला करावंसं वाटलं, सवयीने. तिने केलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "काही राहिलं नाही."

"तू म्हणतेस म्हणजे झालं," थोरली म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखर मोकळा झाला. जाताना तिने धाकटीच्या दंडाला हलकेच चिमटा काढला, पूर्वी काढायची तसा.

पहिले दोन दिवस टाकी छान चालली. तिसऱ्या दिवशी दुपारी, पाहुणे टाकी बघायला आलेले आणि बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असताना, टाकीवर काम करणाऱ्या काकांनी वरून हाक मारली की पाणी पूर्ण सोडलंय तरी तापमानाचा काटा खाली येत नाही. मग फेस आला. फुटलेल्या धाग्यांतून सगळं बाहेर पडतं तेव्हा फेस येतोच, धाकटीला माहीत होतं. तो वरच्या झाकणाच्या नळीतून आधी पांढरा, मग तपकिरी उतू लागला, खालच्या जाळीवर थपथप पडू लागला आणि हॉलभर ओल्या पुठ्ठ्याचा वास पसरला. पाहुणे रुमाल नाकाला लावून मागे सरले. काकांनी नमुन्याचा नळ उघडला. चहा. धाकटीने थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्यांदा रंगवलेला तो चेहरा प्रत्यक्षात अगदीच साधा होता. जिना चढताना एक पायरी जास्त आहे असं वाटून पाय रिकामा पडावा, तसा. रडू नव्हतं, काही नव्हतं. ती पुढे झाली आणि त्या घाणीत हात घालून तिने दोन बोटांत ते पाणी चोळून पाहिलं.

साहेब ओरडले नाहीत. ते ओरडत नसत. त्यांनी पाहुण्यांना बाहेर पाठवलं, काकांना थोडं लांब उभं केलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ही स्ट्रेन नक्की कुणी बनवली आहे?"

थोरलीने वळून पाहिलं. "हिने," ती म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत हिने. मी नुसतीच वर उभी होते. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

इतकी वर्षं धाकटी या शब्दांची वाट बघत होती. ते बोलले गेले, साहेबांसमोर, काकांसमोर, स्वच्छ. थोरली स्वतःचा जीव वाचवायला तिला पुढे ढकलत होती, की एकदाचं खरं बोलत होती, ते तिला कळेना. दोन्हींचा आवाज सारखाच असतो. जाळीतून फेस ठिबकत होता. हो म्हटलं तर ती स्ट्रेन तिची होणार होती, फुटलेली, वास मारणारी, पण तिची. तिच्या घशापर्यंत 'हो' आलंही. मग तिला तो काचेपलीकडचा हात दिसला, आणि खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली ती उंच आकृती, आणि तिने 'हो' गिळून टाकलं.

"नाही साहेब," ती म्हणाली. "स्ट्रेन मॅडमची आहे. सगळीकडे त्यांचंच नाव आहे. परवा सत्कारही त्यांचाच झाला. मी त्यांनी सांगितलेलं काम करत होते."

मॅडम हा शब्द तिने थोरलीसाठी कधी वापरला नव्हता. काका चमकून तिच्याकडे बघत राहिले. साहेबांनी मान हलवली, ज्या अर्थाने हलवली तो अर्थ हॉलमधल्या सगळ्यांना समजला, आणि म्हणाले की टाकीतलं सगळं वाफेने मारून टाका, बीजाणूंचा साठाही नष्ट करा, हे पुन्हा नको.

वाफ सोडली तेव्हा नळ्या आतून ठोकल्यासारख्या वाजल्या. थंड खोलीतून बीजाणूंच्या कुप्या धाकटीनेच आणल्या, एका ट्रेमध्ये. काका म्हणाले, "एखादी ठेवा की मॅडम, कुणाला कळतंय. एवढी मेहनत." तिने क्षणभर विचार केला. ठेवून दाखवायची कुणाला? नाव सांगायचं कुणाचं? तिने ट्रे जंतू मारायच्या वाफेच्या पेटीत सरकवला आणि झाकणाचा चाकासारखा दांडा काकांच्या आधी स्वतःच फिरवला.

कपडे बदलायच्या खोलीत थोरली बाकावर बसली होती, बूट काढून, पाय जमिनीवर टेकून. बोटांना अजून तपकिरी डाग होता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून."

थोरलीने आठवायचा प्रयत्न केला, तो तिच्या कपाळावर दिसला, आणि मग आठवलंही. "तू वर आली होतीस. मी फोनवर होते." थोरलीने एक बूट घातला, दुसरा हातात धरला. "मी तुझी स्ट्रेन माझी म्हणून सांगत फिरले, रोज मनात धाकधूक असायची, एखाद्या दिवशी तू सगळ्यांसमोर ती परत मागशील म्हणून. आणि तू काय केलंस? शेवटी तूच ती माझ्या नावावर करून दिलीस. आता कधीच तुझी होणार नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. तिने दुसरा बूट घातला आणि ती गेली.

धाकटी फाटकातून बाहेर आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तिने स्वतःला चाचपून पाहिलं. पश्चात्ताप होतोय का, रडू येतंय का. तसं काही नव्हतं. आनंद झाला होता, खरा, पायांत हलकेपणा आणणारा, जिन्याने धावत वर जावंसं वाटावं असा. पहिल्यांदा काप नेमका बसला तेव्हा झाला होता तसा. तिने पर्समधून फोन काढला आणि नंबर लावला, चालता चालता, न बघता, अंगठ्याला सवय होती तो. घंटा वाजायला लागल्यावर तिने पडद्याकडे पाहिलं आणि तिचे पाय थांबले. बंद करायला हवा होता. तेवढ्यात पलीकडून उचलला गेला. वळणावर थांबलेल्या मोटारीच्या इंडिकेटरची टकटक ऐकू आली, आणि तिच्या वर थोरलीचा, दमलेला, सवयीचा आवाज.

"बोल गं," थोरली म्हणाली.